शिकवण श्वानाची, परीक्षा मालकाची

बारामतीहून भिगवणच्या किंवा इंदापूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला एक दृश्य वारंवार दिसते. भुसार मालाच्या गोदामापुढे, खतांच्या दुकानामागे किंवा उसाच्या शेतात बांधलेल्या बंगल्याच्या फाटकाशी एक धिप्पाड कुत्रा आखूड साखळीला बांधलेला असतो. कोणी जवळून गेले की तो साखळी ताणून अंगावर धावतो. मालकाला त्याचे समाधान वाटते, कारण राखण चोख होत आहे असा त्याचा समज असतो. वर्षभर हाच क्रम चालतो. मग एखाद्या दिवशी साखळीची कडी निसटते, हमालाच्या पोटरीला किंवा शाळेतून येणाऱ्या मुलाच्या हाताला दात लागतात आणि घरातले वातावरण पालटते. काल ज्याचे कौतुक होते, तोच प्राणी आज नकोसा होतो. त्याला टेम्पोत घालून महामार्गालगत दूर कोठे तरी सोडून येण्याचा विचार अशा वेळी बोलून दाखवला जातो, आणि कधी कधी तो अमलातही येतो.

मुंगीलाही पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या घरांपुढे येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दोष नेमका कोणाचा? ज्याला कधी काही शिकवलेच नाही त्या मुक्या जीवाचा, की शिकवण्याची जबाबदारी ज्याने घेतलीच नाही त्या मालकाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना श्वानांच्या आज्ञापालन स्पर्धांची माहिती फार उपयोगी पडते. या स्पर्धा वरवर पाहता श्रीमंतांचा छंद वाटतात, परंतु त्यांच्या पायऱ्या नीट समजून घेतल्या तर प्रत्येक श्वानपालकाने गिरवावा असा तो एक धडा आहे.

या स्पर्धांत श्वानाचे रूप, केस, उंची किंवा वंशावळ यांना गुण नसतात. ते काम सौंदर्यप्रदर्शनांचे. येथे पाहिले जाते ते एवढेच की, माणूस आणि श्वान यांचे एकमेकांशी किती जुळते. अमेरिकेत या खेळाची सुरुवात 1933 साली झाली. हेलन व्हाइटहाउस वॉकर या महिलेने पूडल जातीचे श्वान पाळले होते. हे श्वान केवळ शोभेचे आहेत, अशी थट्टा होत असे. शोभेच्या श्वानालाही बुद्धी असते हे दाखवण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को येथे एक चाचणी भरवली. तिच्यात आठ श्वान उतरले होते. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 1936 मध्ये, अमेरिकन केनेल क्लबने या चाचण्यांना मान्यता देऊन नियम घालून दिले. ब्रिटनमध्ये केनेल क्लबच्या नियमांखाली अशाच चाचण्या वाढल्या, आणि 1955 पासून क्रफ्ट्स या प्रसिद्ध प्रदर्शनात त्यांची अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागली.

ब्रिटिश पद्धतीत शिक्षणाच्या पायऱ्या अशा आहेत : प्री-बिगिनर्स, बिगिनर्स, नोव्हिस आणि मग ए, बी व सी. पहिल्या पायरीवर अपेक्षा साध्या असतात. श्वानाने मालकाच्या डाव्या पायाशी, पट्टा सैल ठेवून चालावे. पट्टा काढल्यावरही तसेच चालावे. हाक मारताच सरळ यावे. बसवले तर बसून राहावे, आडवे केले तर आडवे राहावे. पुढच्या पायऱ्यांवर फेकलेली वस्तू उचलून आणून मालकाच्या हातात देण्याची परीक्षा येते. वरच्या वर्गांत मालक नजरेआड जातो आणि श्वानाला तो परत येईपर्यंत जागचे हलायचे नसते. ए वर्गात गंधपरीक्षा सुरू होते. कापडाच्या अनेक सारख्या तुकड्यांतून मालकाच्या हाताचा वास असलेला तुकडा श्वानाने शोधून आणायचा. सर्वांत वरच्या सी वर्गात तो वास मालकाचा नसून परीक्षकाचा असतो. म्हणजे क्षणभरापूर्वी हुंगायला दिलेला परक्या माणसाचा गंध लक्षात ठेवून तोच तुकडा निवडायचा. याच वर्गात मालक दूर उभा राहून केवळ शब्दाने किंवा हाताच्या खुणेने श्वानाला बसवतो, उभे करतो, आडवे करतो.

या चढत्या पायऱ्यांत एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. खालच्या वर्गांत मालकाला मधूनमधून बोलण्याची, धीर देण्याची, आज्ञा पुन्हा उच्चारण्याची मुभा असते. वर्ग जसजसा वरचा, तसतशी ही मुभा कमी होत जाते. शेवटी जादा आज्ञेसाठी गुण कापले जातात. ज्याचे शिक्षण उत्तम झाले आहे त्याला ओरडून सांगावे लागत नाही, हे तत्त्व नियमातच गुंफलेले आहे.

अमेरिकन पद्धतीत नोव्हिस, ओपन आणि युटिलिटी असे तीन मुख्य टप्पे आहेत आणि त्यांच्या पदव्या अनुक्रमे ‘कम्पॅनियन डॉग’, ‘कम्पॅनियन डॉग एक्सलंट’ व ‘युटिलिटी डॉग’ अशा आहेत. एकूण गुण 200. उत्तीर्ण होण्यासाठी किमान 170 हवेत. परंतु एवढ्याने भागत नाही. प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक गुण मिळालेच पाहिजेत. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यातला नफा दाखवून दुसऱ्या खात्यातला तोटा झाकता येत नाही. श्वान धावण्यात कितीही चपळ असला, तरी हाकेला आला नाही तर तो अनुत्तीर्णच. शिवाय अशी तीन यशस्वी प्रदर्शने झाल्याशिवाय पदवी मिळत नाही; एका दिवसाचे नशीब येथे कामी येत नाही. मैदानात श्वानाला मारणाऱ्या किंवा क्रूरपणे वागवणाऱ्या मालकाला परीक्षकाने बाहेर काढावे, असाही दंडक आहे.

आपल्या देशात चेन्नई येथे मुख्यालय असलेली केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था या क्षेत्रात काम करते आणि तिच्याशी संलग्न क्लब ठिकठिकाणी प्रदर्शने भरवतात. पुण्यातही श्वानप्रेमींची जुनी परंपरा आहे. मात्र आज्ञापालनाचे महत्त्व महाराष्ट्राला कळले ते स्पर्धेच्या मैदानावर नव्हे, तर 1993 सालच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांच्या काळात. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉर श्वानाने त्या काळात 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसे शोधून दिली. त्याचे शिक्षण राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या पुण्यातील श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले होते. 2000 साली तो गेला तेव्हा त्याला पोलीस इतमामात निरोप देण्यात आला. बॉम्ब हुंगणारा श्वान स्फोटकाजवळ पोहोचल्यावर भुंकत नाही, पंजा मारत नाही. शांतपणे बसून खूण करतो. ‘बस’ ही पहिलीच आज्ञा येथे असंख्य माणसांच्या प्राणांचे मोल धारण करते.

आता प्रश्न उरतो शिकवण्याच्या रीतीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी श्वानशिक्षण म्हणजे सक्ती, असेच समीकरण होते. गळ्यात साखळीचा फास, चूक झाली की हिसका, आणि प्रसंगी मार. पोलीस आणि सैन्यदलांतून ही रीत घराघरांत उतरली. 1951 मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांना कसे शिकवावे यावर एक लेख लिहून वेगळी दिशा दाखवली. हवे ते वर्तन घडताक्षणी एक ठरावीक आवाज करावा आणि लगेच खाऊ द्यावा. प्राणी ते वर्तन पुन्हा करू पाहतो. पुढे डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डोन्ट शूट द डॉग’ या पुस्तकातून हीच पद्धत जगभर पोहोचली. डॉल्फिनला गळपट्टा घालता येत नाही, त्याला मारायला गेले तर तो पोहून दूर जातो. त्यामुळे त्याच्याकडून काही करवून घ्यायचे तर त्याला आनंद देऊनच करवून घ्यावे लागते. जे डॉल्फिनच्या बाबतीत साधते ते श्वानाच्या बाबतीत का साधू नये, हा साधा प्रश्न या पद्धतीच्या मुळाशी आहे.

जैन वाचकाला ही दिशा नवी वाटण्याचे कारण नाही. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही अतिचार पाळीव प्राण्याच्या संदर्भात आजही शब्दशः तपासून पाहता येतात. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणे हा बंध. काठीने किंवा पट्ट्याने मारणे हा वध, कारण येथे वध या शब्दाचा अर्थ ताडन असा आहे. रुबाबासाठी कान कातरणे, शेपूट तोडणे हा छेद. लहान पिल्लाकडून रात्रभर राखणीची अपेक्षा करणे हे अतिभारारोपण. ‘उपाशी ठेवला की तिखट होतो’ या समजुतीने त्याचे अन्न तोडणे हा अन्नपाननिरोध. गोदामाच्या फाटकाशी बांधलेल्या त्या श्वानाच्या बाबतीत या पाचांपैकी किती घडत आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे.

आणखी एक मर्यादाही शास्त्राने घातली आहे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत असतीपोषणाचा समावेश केला असून, पोपट, मांजर, श्वान इत्यादींचे धनासाठी पोषण त्यात गणले आहे. महागड्या जातींची पिल्ले विकून पैसा मिळवण्याचा धंदा सध्या जोरात आहे. त्यात शिरण्याचा मोह होणाऱ्या तरुण व्यापाऱ्यांनी हा उल्लेख लक्षात ठेवावा. आश्रयाला आलेल्या जीवाला सांभाळणे ही एक गोष्ट, आणि जीवांची विक्री हे उत्पन्नाचे साधन करणे ही अगदी वेगळी गोष्ट.

श्वान हा हीन प्राणी आहे, त्याला काय कळते, असे म्हणणाऱ्यांसाठी जीवंधरकुमारांची कथा आहे. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात आणि वादीभसिंहसूरींच्या क्षत्रचूडामणीत जीवंधरांचे चरित्र येते. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी बेदम मारलेला एक श्वान जीवंधरांना मरणासन्न अवस्थेत दिसला. त्यांनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. तो जीव शांतपणे गेला, यक्षदेव म्हणून जन्मला, आणि पुढे संकटकाळी जीवंधरांच्या मदतीला धावून आला. श्वानाच्या देहात असलेला जीवही पंचेंद्रिय संज्ञी आहे, ऐकू शकतो, शिकू शकतो, हे या कथेने शतकांपूर्वीच मान्य केले आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला दीर्घकाळ बांधणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या श्वानाला पुरेसा व्यायाम न देणे आणि पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हेही त्याच कलमात येते. टेम्पोत घालून महामार्गावर सोडणे हा केवळ निर्दयपणा नाही, तो अपराध आहे.

मग घरी काय करावे? स्पर्धेच्या मैदानात उतरण्याची गरज नाही. तिच्या पहिल्या पायरीवरचे चार धडे प्रत्येक घराला पुरेसे आहेत. दिवसातून दोन वेळा पाच-पाच मिनिटे द्यावीत, त्याहून अधिक नको. प्रत्येक आज्ञेसाठी एकच शब्द घरातील सर्वांनी ठरवावा. आजोबांनी ‘बस’, नातवाने ‘सिट’ आणि नोकराने ‘खाली बस रे’ म्हटले तर श्वानाला तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ आणि ‘सोड’ हे चार शब्द आधी घट्ट व्हावेत. हवे ते घडताच क्षणात शाबासकी आणि खाऊ द्यावा. चार-पाच सेकंदांचा उशीर झाला तरी श्वानाला त्याचा संबंध लागत नाही. ‘थांब’ शिकवताना आधी वेळ वाढवावा, मग अंतर, आणि सर्वांत शेवटी गडबडीची जागा. अंगणात जमले म्हणून लगेच मार्केट यार्डाच्या दारात परीक्षा घेऊ नये. आणि ‘ये’ म्हटल्यावर जवळ आलेल्या श्वानाला, तो कितीही उशिरा आला असला तरी, कधीही मारू नये. एकदा मारले की दुसऱ्या दिवसापासून ‘ये’ या शब्दाचा अर्थ त्याच्यापुरता ‘पळ’ असा होतो.

खाऊसाठी मांसाहारी पदार्थांचीच गरज असते हा गैरसमज आहे. पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा, पोळीचा कुटका, उकडलेल्या भोपळ्याची फोड यांवर बहुतेक श्वान आनंदाने शिकतात. रोजचा आहार मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याने समतोल ठेवावा. उरलेली पोळी आणि आमटी हा आहार नव्हे. कांदा आणि लसूण श्वानाच्या रक्ताला अपाय करतात, त्यामुळे या बाबतीत जैन स्वयंपाकघर त्याला आपोआपच सुरक्षित असते. परंतु द्राक्षे आणि मनुके त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. इंदापूर तालुक्यात बोरीसारख्या गावांच्या परिसरात द्राक्षबागा आहेत आणि घरोघरी पेट्या येतात. मुलांनी प्रेमाने दिलेला घोस त्याच्या जिवावर बेतू शकतो. चॉकलेटही त्याला वर्ज्य. रेबीजची लस पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळी द्यावी, आणि कोणालाही दात लागले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. हळद किंवा चुना लावून वाट पाहण्यात प्राण जातात.

या शिक्षणाचा संबंध केवळ घराच्या कुंपणापुरता नाही. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील माळराने चिंकारा आणि लांडगे यांचे आश्रयस्थान आहेत. वन विभागाने तेथे गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. मोकाट किंवा सैल सोडलेले श्वान येथे चिंकाऱ्याच्या पाडसांचा पाठलाग करतात, रोग पसरवतात. पुण्याच्या परिसरात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची उदाहरणेही अभ्यासकांनी जनुकीय तपासणीतून सिद्ध केली आहेत. असा संकर वाढला तर माळावरचा खरा लांडगाच हळूहळू नाहीसा होईल. शेतातल्या बंगल्यावरून रात्री सोडलेला, हाकेला न येणारा श्वान माळावर काय करतो, हे मालकाला सकाळी कळत नाही. जे हिंसाकर्म स्वतःच्या हाताने कधी केले नसते, ते आपल्या निष्काळजीपणामुळे आपल्या दारच्या प्राण्याकडून घडते. म्हणून ‘ये’ ही एक आज्ञा पक्की करणे आणि रात्री त्याला कुंपणात मोकळे ठेवणे, ही दोन्ही जीवदयेचीच कामे आहेत. त्यांत श्वानाचे रक्षण आहे आणि पाडसाचेही.

काही कुटुंबप्रमुख म्हणतील की दुकान, वसुली, लग्नकार्ये यांतून रोज दहा मिनिटे कोठून काढायची? शंका प्रामाणिक आहे, आणि तिचे उत्तरही प्रामाणिक असावे. ज्या घराला दहा मिनिटे नाहीत, त्या घराने श्वान आणू नये. राखणीसाठी कॅमेरा आणि भक्कम कुलूप पुरते. त्यांना भूक लागत नाही, भीती वाटत नाही. परंतु जो जीव आधीच दाराशी आलेला आहे, त्याच्या बाबतीत हे उत्तर चालत नाही. तेथे दहा मिनिटे शोधावीच लागतात. शिकलेल्या श्वानाला दिवसभर बांधावे लागत नाही, आणि न बांधलेला, माणसांत मिसळलेला श्वान विनाकारण चावण्याची शक्यताही पुष्कळ कमी होते. मोठा झालेला, चिडका झालेला श्वान शिकत नाही हा समजही खरा नाही. त्याला वेळ अधिक लागतो एवढेच. मात्र ज्याने आधी चावा घेतला आहे त्याच्यासाठी जाणकार प्रशिक्षक आणि पशुवैद्यक यांची मदत घ्यावी, आणि तोवर मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे.

स्पर्धेच्या मैदानात गुणपत्रिकेवर नाव श्वानाचे लिहिलेले असते, पण अनुभवी परीक्षक पाहतो तो मालकाला : त्याचा आवाज चढतो का, हात उगारला जातो का, चूक झाल्यावर तो थांबून पुन्हा शांतपणे सांगतो का. पर्युषणानंतर क्षमापनेच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. ती मागताना डोळ्यांपुढे बहुधा नातलग, भागीदार आणि शेजारी असतात. यंदा त्या दिवशी घरी परतताना फाटकाशी क्षणभर थांबावे, बांधलेल्या त्या जीवाची साखळी किती लांब आहे हे पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पनीरचा एक तुकडा हाती घेऊन त्याला ‘बस’ हा पहिला शब्द शिकवायला सुरुवात करावी.